खांब उभा?

४ जानेवारी

दादा,

फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल, पण दुकानातल्या चष्म्यांची जुनी पाकिटंसुद्धा जपून ठेवणारा माणूस तू, तुझा हात धजणार नाही.

तुमच्याकडच्या खोलीबद्दल सगळं कळलं. वहिनीने पडदे शिवले. तू बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडे बसवलेस, उंबरा काढून टाकलास. परीक्षा संपल्या की मी शाळा सोडायची, इथलं घर बंद करायचं आणि कायमचं तुमच्याकडे यायचं, हेही ठरलं. ठरलं तेव्हा मी कुठे होते, हे प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. बहुधा प्रयोगशाळेत मुलांना आम्ल म्हणजे काय ते सांगत असेन.

तुमची माया मला कळत नाही असं नाही. कळते, म्हणूनच चटकन नाही म्हणता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी मला कंपवात असल्याचं निदान झालं, तेव्हा तू दुकान बंद ठेवून धावत आलास, ते मी विसरलेले नाही. पण हो म्हणण्याआधी मला एक गोष्ट करून बघायची आहे.

माझे पाय कुठे अडतात ते तुला माहीत आहे. दारात, वळताना, लिफ्टसमोर. मन निघतं आणि पाऊल जमिनीला ठोकल्यासारखं राहतं. सायकलवर मात्र यातलं काही होत नाही. पाय फिरत राहतात, जणू त्यांना आजाराची बातमी कुणी दिलेलीच नाही. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच जणांचं होतं. मी रोज शाळेत सायकलनेच जाते.

इथली एक टोळी फेब्रुवारीच्या पौर्णिमेला रात्रभर सायकल चालवत शहरातून समुद्रावर जाते. शर्यत नाही, बक्षीस नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई सगळ्यांना जमवतात, एवढंच. नियम एकच. प्रत्येक वळणावर एकाने उतरून उभं राहायचं, मागच्यांना वाट दाखवायला. त्याला म्हणतात खांब. मागून येणारा प्रत्येक जण ओरडतो, "खांब उभा?" आणि खांबाने ओरडायचं, "उभा!" सगळ्यात शेवटी एक सुतार असतो, त्याच्या सायकलला मागे मोठा लाल दिवा. तो शेपूट. शेपूट आलं की खांबाने सायकलवर बसायचं आणि त्याच्यासोबत निघायचं. म्हणजे कुणी चुकत नाही. रात्रीतून प्रत्येकाला एकदा तरी खांब व्हावंच लागतं.

तर माझी पैज. समुद्रापर्यंत स्वतः पोचले, तर मी इथेच राहीन आणि खोलीचा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. नाही पोचले, तर मे महिन्यात सामान बांधून येईन, तोंडातून एक शब्द न काढता.

विचारत नाहीये. कळवतेय.

तुझी,
खडू


१२ जानेवारी

खडूबाई,

लहानपणी तू फळ्याखालचे खडू खात होतीस, तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, ही पोरगी सरळ चालायची नाही. आता खरंच चालता येईना, तर म्हणे सायकल चालवते!

मी दिवसभर दुकानात काय करतो? लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो. काल तुझं पत्र वाचलं. ओळ सुरू होते तेव्हा मुंगळा, संपते तेव्हा मुंगी. दुसऱ्या पानावर मला भिंग घ्यावं लागलं. मागच्या वर्षी तुझं अक्षर असं नव्हतं. आजार वाढतोय, आणि तू मला पैजा लावतेस?

आणि सायकल थांबल्यावर काय करशील, ते लिहिलं नाहीस. उतरायचं, उभं राहायचं आणि पुन्हा निघायचं. तुझं अडतं ते निघण्यातच ना? तुझी टोळी नेमकं तेच करायला लावते, तेही अंधारात, ट्रक जातात त्या रस्त्याच्या कडेला. त्या डॉक्टरीणबाईंना तुझा आजार माहीत आहे का? मला नाही वाटत. तू सांग, नाहीतर मी सांगेन.

खोलीत उजेड भरपूर येतो. वहिनी म्हणते, हिरवे पडदे तिला आवडतील. मी म्हटलं, तिला काही आवडायचं नाही, तिला उचलूनच आणावी लागेल.

पैज मला मान्य नाही. समजा केली, तर 'स्वतः' म्हणजे स्वतः. कुणी ढकललं, उचललं, गाडीत घातलं, तर तू हरलीस.

दादा


२१ जानेवारी

दादा,

या वेळी पहिलीच्या मुलांचा दुरेघी कागद घेतलाय. भिंग ठेवून दे. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे मुंगळेच आहेत.

रेघ दिसली की हात तिच्यापर्यंत पोचायला बघतो. पायाचंही तसंच. पुढ्यात आडवी रेघ असली की ती ओलांडायला पाऊल उचलतं. का, ते मला नीट सांगता येणार नाही, पण उचलतं. प्रयोगशाळेच्या दारात मी खडूने एक रेघ मारून ठेवलीय. मुलांना वाटतं ती धोक्याची हद्द आहे, विचारल्याशिवाय कुणी ओलांडत नाही. वर्गाची शिस्त सुधारली. खिशातही कायम एक खडू असतो. तू ठेवलेलं नाव सार्थकी लागलं.

तुझा प्रश्न मात्र खरा आहे आणि मी तो टाळला होता. निघायचं कसं? सराव करतेय. रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानावर उतरते, उभी राहते, पायापुढे रेघ मारते, निघते. बहुतेक वेळा जमतं. 'बहुतेक' हा शब्द खोडून 'नेहमी' लिहावासा वाटला, पण ते खोटं होईल. खोटं आधीच एक बोलून झालंय. डिसेंबरमध्ये माझ्या कपाळावर जी खोक होती, ती कपाटाचं दार लागून झालेली नव्हती. शाळेच्या वऱ्हांड्यात पडले होते. चालताना, दादा. सायकलवरून नाही.

मला समुद्र हवाय की तुझ्यावर मात करायचीय, हे मी स्वतःला खूपदा विचारलं. दोन्ही, असं उत्तर येतं. त्यातलं कुठलं जास्त, ते ठरत नाही. पण हेतू शुद्ध होईपर्यंत थांबले तर मे उजाडेल आणि तू सामान न्यायला दारात उभा असशील.

डॉक्टरीणबाईंना मी सांगणार आहे. मी. तू नाही.

खडू


३ फेब्रुवारी

दादा,

तू फोन केलासच.

मी दवाखान्यात गेले तेव्हा खुर्चीत आमचा सुतारच होता, आ वासून. मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या भावाशी बोलणं झालं माझं. काही काळजी करू नका. तुम्हाला आम्ही खांब करणार नाही. मधोमध चालवा, आमच्या घोळक्यात. किती जीव आहे हो त्यांचा तुमच्यावर!"

मी म्हटलं, "सगळ्यांना खांब व्हावं लागतं ना?"

"नियम माणसासाठी असतात, बाई."

"मग मी माणूस नाही का?"

बोलून तर गेले. मला लाज वाटली, कारण त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं. तरी मी थांबले नाही. म्हटलं, मला सूट नको. सूट घेऊन समुद्रावर पोचायचं तर मी बसने जाईन. आणि हेही म्हटलं, की मला आया नको. मला कुणी धरायचं नाही, उचलायचं नाही, सारखं "बऱ्या आहात ना?" विचारायचं नाही.

एवढ्यात सुताराने हात वर केला, तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणाला, "बाईंना उभं राहायचंय तर राहू द्या की. मागून मी येणारच आहे. आणि मी काही विचारणार नाही."

"तुम्ही आधी आ करा," डॉक्टरीणबाई त्याच्यावर खेकसल्या. पण माझं नाव खांबांत घातलं.

घरी येऊन मी आधी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग हे लिहायला बसले. तुझं प्रेम आहे म्हणून तुला माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलायचा हक्क मिळत नाही. आत्ताच सांगून ठेवते. त्या रात्री गाडी घेऊन मागे यायचं नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला कुणाला पाठवायचं नाही.

खडू


१० फेब्रुवारी

खडू,

बरं. फोन करायला नको होता. वहिनीनेही मला झापलं.

गाडी घेऊन येणार नाही. कुणाला पाठवणारही नाही. दोन्ही शब्द देतो. तसाही पौर्णिमेला मी इथे नाही. चष्म्याच्या फ्रेमांचं प्रदर्शन आहे, तिकडे जातोय.

सहज विचारतो. तुम्ही निघता कुठून आणि किती वाजता? त्या सुताराचा लाल दिवा किती लांबून दिसतो? वहिनीला उत्सुकता आहे. आणि एवढा वेळ सीटवर बसून दुखत नाही का? हेही तीच विचारतेय.

सांभाळून.

दादा


२० फेब्रुवारी

वहिनी,

दादा एव्हाना घरी पोचला असेल आणि बसता-उठता कण्हत असेल. प्रदर्शनात उभं राहून पाय भरून आले, असं तो सांगेल. विश्वास ठेवू नकोस. घडलं ते सगळं मी तुला लिहितेय, कारण आमच्या पैजेचा निकाल तुला द्यायचा आहे. मी दिला तर माझ्या बाजूने लागेल. दादाने दिला तर कुठल्या बाजूने लागेल याची मला आता खात्री राहिलेली नाही, आणि तीच अडचण आहे.

शहर संपेपर्यंत रस्त्यावरचे दिवे होते, मग नुसता चंद्र. माझा डावा हात हँडलवर थरथरत होता, पण रस्त्याला इतके खड्डे की सगळ्यांचेच हात थरथरत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांसारखी दिसत असेन.

माझी खांबाची पाळी आली ती मोठा रस्ता सोडून समुद्राकडे अरुंद रस्ता फुटतो तिथे. समोर बंद पडलेला पेट्रोलपंप. उतरले, सायकल पंपाच्या कट्ट्याला टेकवली, रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिले. एकेक जण येत गेला. "खांब उभा?" "उभा!" दर वेळी मी गरजेपेक्षा जास्तच मोठ्याने ओरडत होते.

शेवटी सुतार आला. "चला बाई, शेपूट आलं." नियमाप्रमाणे मी निघेपर्यंत त्याने थांबायला हवं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." तो घुटमळला. मग दवाखान्यात मी जे सुनावलं होतं ते त्याला आठवलं असावं. एक शब्द न बोलता गेला. शेपटाने खांबाला मागे सोडल्याचं टोळीत पूर्वी कधी घडलेलं नाही. ते घडलं माझ्या तोऱ्यामुळे, त्याच्या चुकीने नाही, हे मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं.

सायकल हाताच्या अंतरापेक्षा जरा लांब होती. तेवढी पावलं पडेनात. खिशातून खडू काढला, तो बोटांतून निसटला आणि घरंगळत गेला. तो घ्यायला तिथवर झुकले असते तर तोंडावर आपटले असते. फोन सायकलच्या पिशवीत. लाल दिवा बारीक होत होत दिसेनासा झाला.

पहिला विचार आला, हरलीस, मेमध्ये हिरवे पडदे. दुसरा आला, मुळीच नाही. उजाडेपर्यंत उभी राहीन, दिवसभर उभी राहीन, खांबाचं काम उभं राहायचंच आहे. असं मी मोठ्याने म्हटलंही. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून जरा अपशब्दही वापरले. ते लिहीत नाही.

बऱ्याच वेळाने मोठ्या रस्त्यावरून साखळीची कुरकुर ऐकू आली. दिवा नाही, नुसती धाप. ती वळणापाशी येऊन सरळ पुढे निघालीच होती. मग चांदण्यात माझ्या अंगावरचा पांढरा पट्टा दिसला असावा. धाप थांबली आणि अंधारातून आवाज आला,

"खांब... उभा?"

"उभा!" मी सवयीने ओरडले. आणि मग आवाज ओळखला. "दादा?"

"प्रदर्शन संपलं," तो म्हणाला.

निघायची जागा आणि वेळ मीच भोळेपणाने त्याला कळवली होती. सुतारापासून अंतर ठेवून, दिवा विझवून, तो शहरापासून मागे येत होता. मध्ये साखळी पडली, ती चढवेपर्यंत लाल दिवा गेला. यादीत नाव नाही, म्हणून शेपटाच्याही मागे कुणी आहे हे कुणालाच माहीत नाही.

"दिवा का लावला नाहीस?"

"तू ओळखलं असतंस."

"आणि चष्मा?"

"वाचायचा घातलाय. लांबचा दुकानात राहिला."

वहिनी, लोकांच्या डोळ्यांवर पोट भरणारा हा माणूस!

मग त्याच्या लक्षात आलं. "पण तू का थांबलीस? तुमचा सुतार तर गेला ना?"

"थांबले नाही. अडकलेय."

तो सायकल टाकून धावत आला. "धर मला. मी उचलून बसवतो."

"हात लावलास तर ओरडेन."

"इथे कोण ऐकणार आहे?"

"मी ऐकेन."

त्याने पुढे केलेले हात मागे घेतले. मग म्हणाला, "बरं. काय करू ते सांग."

"खडू शोध. तिथेच कुठेतरी गेलाय."

तुझा नवरा गुडघ्यांवर बसून चांदण्यात रस्ता चाचपत होता. "सापडला. मोडलाय."

"चालेल. माझ्या पायापुढे आडवी रेघ मार. वाकडी नको."

"मार्कही देणार आहेस का?"

वाकडीच मारली. मी ओलांडली. त्याने पुढे सरकून दुसरी मारली. तीही ओलांडली आणि हँडल हाताला लागलं. तेवढ्यात तो म्हणालाच, "झालं ना आता? परत फिरूया. मी गाडी मागवतो." मी पेडल मारलं. मागून तो ओरडत होता, "अगं, थांब तरी!" थांबायची चूक मी त्या रात्री दुसऱ्यांदा करणार नव्हते.

पुढच्या वळणावर सुतार लाल दिव्यासह उभा होता. "मी काही विचारत नाहीये," तो म्हणाला. मग मागे बघून, "पण हे कोण?"

"माझं शेपूट," मी म्हटलं.

उजाडताना समुद्र आला. आधी वास, मग आवाज, मग राखाडी पाण्याची पट्टी. उतरायच्या भानगडीत न पडता मी सायकल सरळ वाळूत घातली, चाक रुतलं आणि आडवी झाले. पडले, तेही नोंदवते. तोंडात वाळू गेली. इतकं हसू येत होतं की उठायची घाई वाटली नाही.

दादाने तोवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं की वाट चुकणाऱ्या भावासाठी ही एकटी थांबून राहिली. टाळ्या पडल्या. मला त्या घेता येईनात. मी उठून म्हटलं, "मी थांबले नव्हते. पाय अडकले होते." मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं, आता चहा घ्या."

आता निकालाचं. कुणी ढकललं नाही, उचललं नाही, गाडीत घातलं नाही. पण स्वतः पोचले का? दोन रेघा माझ्या हातच्या नव्हत्या. किनाऱ्यावर दादा म्हणाला, "जिंकलीस, विषय संपला." तो दयेने बोलला की खरंच, हे मला कळलं नाही, आणि दयेने मिळालेली जीत मला नको.

माझं म्हणणं एवढंच. टोळीत कुणीच एकट्याने पोचत नाही. प्रत्येक वळणावर कुणीतरी उभं असतं. तरी त्यांतल्या कुणाला "तू स्वतः पोचला नाहीस" असं म्हणत नाहीत. मग मलाच का म्हणायचं? हे मी माझ्या सोयीचं बोलतेय असं वाटलं, तर खोडून टाक. पण मला नाही वाटत.

तुझी,
खडू


२७ फेब्रुवारी

खडूवन्सं,

निकाल मागितलास, देते. पण आधी एक सांगते. मला सगळं माहीत होतं. महिनाभर तुझा दादा पहाटे "फिरायला" जायचा आणि पँटला साखळीचं काळं लावून यायचा. शेजाऱ्यांच्या मुलाची सायकल आमच्या जिन्याखालून नाहीशी झाली, तेव्हा प्रदर्शन कुठे आहे ते मी विचारलंसुद्धा नाही. अडवलं असतं तर त्या रात्री त्याने घरात येरझाऱ्या घालून माझा जीव खाल्ला असता. म्हटलं, जाऊ दे, दमेल.

आल्या दिवशी म्हणाला, तिला मी वाचवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, तिने मला वाचवलं. तिसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, ते मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पूर्ण. मध्ये बोलू दिलं नाही.

तू जिंकलीस. रेघा त्याने मारल्या, पण कुठे मारायच्या ते तू सांगितलंस. आजवर तो तुझ्यासाठी जे जे करत आला, त्यातलं तू सांगितलेलं हे पहिलंच. खोलीचंच बघ. पडदे मी निवडले, दांडे त्याने, आणि तुला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तेवढं माझ्याही नावावर लिही.

खोलीत मी माझं शिलाई मशीन हलवलंय. उजेड खरंच छान आहे, हिरवे पडदे मलाच आवडत होते. बाथरूममधले दांडे काढले नाहीत. आल्यापासून तुझा दादा ते धरूनच बसतो आणि ते धरूनच उठतो.

खाली तो काहीतरी खरडतोय. वाचता आलं तर बघ.

वहिनी

हरलो. दयेने नाही, लेखी. डॉक्टरीणबाईंना सांग, पुढच्या खेपेला यादीत एक नाव वाढवा. दिवा लावून येईन. दादा


५ मार्च

वहिनी, दादा,

निकाल मान्य. आज मुख्याध्यापकांनी विचारलं, "पुढच्या वर्षी दहावीचे वर्ग घेणार ना? की जाताय?" मी म्हटलं, घेणार. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी हात खिशात घातला नाही.

मेमध्ये येतेय. आठवडाभर, पाहुणी म्हणून. शिलाई मशीन हलवू नका, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. स्टेशनवर घ्यायला कुणी यायचं नाही. दांडे असू देत, मलाही लागतील, आणि लागले तर मी ते धरेन.

दादा, दारात फक्त एक रेघ मारून ठेव. या वेळी सरळ.

खडू